इंजेक्शन एक की आठ?

(दृश्य: सांगोला, रविवारचा जनावरांचा बाजार. पंढरपुरी म्हशींची रांग.)

या म्हशींची शिंगं खांद्याच्याही मागे गेलेली, त्यामुळे दोघींत चांगलं अंतर सोडूनच दावं बांधावं लागतं. गिऱ्हाईक कास बघतं, दात बघतं आणि मग हळूच विचारतं, ‘गाभण हाय का? कितवा महिना?’ भाव तिथंच फिरतो.

गाभण राहायचं तर आधी माज हवा. आणि एका माजात बरीच बीजं हवी असतील तर इंजेक्शन एक द्यायचं की आठ, हा आजचा प्रश्न. माजाची सूत्रं असतात मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेल्या पियूषिका ग्रंथीकडे. तिथून रक्तात संप्रेरकं, म्हणजे शरीराचे रासायनिक निरोप, सुटतात. त्यातलं एफएसएच बीजकोशात फॉलिकल, म्हणजे बीज असलेला फोड, वाढवतं, एलएच पिकलेलं फॉलिकल फोडून बीज बाहेर काढतं. थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच यांचंच भावंड. तिघांच्या रेणूत दोन-दोन साखळ्या. अल्फा साखळी तिघांतही तीच, बीटा ज्याची त्याची वेगळी.

(दृश्य: रेणूचं चित्र, फांद्यांच्या टोकांवर प्रकाश.)

या साखळ्यांवर पेशी ठरावीक जागी साखरेच्या फांद्या जोडते. साखर म्हटलं की सोलापूरकराला गाळप हंगाम आठवणार, पण ही मॅनोज, गॅलॅक्टोज वगैरे घराण्यातली. या जोडकामाला ग्लायकोसिलेशन म्हणतात. ते केवळ शोभेचं नाही. फांद्या छाटलेलं संप्रेरक ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या त्याला ओळखणाऱ्या रेणूला, जाऊन चिकटतं खरं, पण पेशी ढिम्म हलत नाही.

खरी गंमत फांदीच्या टोकाला आहे. गाईच्या एलएचच्या टोकाला सल्फेट असतं, एफएसएचच्या टोकाला बहुतेक ठिकाणी सायलिक आम्ल, हीसुद्धा एक साखरच. आणि यकृत म्हणजे जकात नाका. तिथला एक ग्राही सल्फेटवालं टोक ओळखतो आणि एलएचला आत ओढतो, म्हणून अर्ध्या तासाच्या आसपास रक्तातलं निम्मं एलएच संपलेलं असतं. हे शरीराच्या सोयीचंच आहे. एलएचनं उसळावं आणि लगेच ओसरावं, सतत राहिलं तर बीजकोश त्याला दाद देईनासा होतो. सायलिक आम्लाचं टोक असलेलं एफएसएच मात्र नाक्यावरून सुटतं आणि काही तास टिकतं.

सगळ्यात नामी उदाहरण घोडीचं. तिच्या पियूषिकेतलं एलएच आणि गाभणपणी वारेकडच्या पेशींतून येणारं पीएमएसजी हे संप्रेरक, दोन्हींच्या अमिनो आम्लांचा क्रम तंतोतंत एकच. जनुकही तेच. फरक फक्त साखरेचा. पीएमएसजीच्या वजनात सुमारे ४५ टक्के साखर आणि टोकांना सायलिक आम्लाची रेलचेल. गाईला टोचलं तर ते कित्येक दिवस रक्तात फिरत राहतं.

(दृश्य: गोठा, खोड्यात उभी गाय, डॉक्टर सिरिंज भरताहेत.)

भ्रूण प्रत्यारोपणासाठी, म्हणजे एका गाईचे भ्रूण दुसऱ्या गाईंच्या गर्भाशयात ठेवायला, एकाच माजात बरीच बीजं हवी असतात. पीएमएसजीचं एक इंजेक्शन दिलं की काम भागतं. एफएसएच द्यायचं तर १२-१२ तासांनी, ४ दिवस, म्हणजे ८ वेळा. कोणताही मालक म्हणेल, एकच बरं. पण पीएमएसजी वेळेवर जातच नाही. माज होऊन गेला तरी ते नवी फॉलिकल वाढवत बसतं, बीजकोश फुगतो आणि भ्रूणांची प्रत घसरते. त्याला आवरायला त्याच्याविरुद्धचा सीरम टोचण्याचेही प्रयोग झाले.

म्हणून डॉक्टर बहुधा ८ इंजेक्शनांचाच मार्ग धरतात, डोस रोज थोडा उतरवत. मालकाला सकाळ-संध्याकाळ गाय खोड्यात घालावी लागते, आणि संध्याकाळचं इंजेक्शन ‘उद्या सकाळी देऊ’ म्हणून ढकलता येत नाही.