शाळा आधी, स्टेशन नंतर

मंडळी, विषय मुंबईच्या उपनगरांतल्या कॅथलिक शाळांच्या वाढीचा आहे. शहर पसरलं म्हणून शाळा निघाल्या, असं आपण धरून चालतो. वांद्र्यात नेमकं उलटं घडलं. तिथली सेंट स्टॅनिस्लॉस शाळा १८६३ ची, जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी अनाथ मुलांसाठी काढलेली. वांद्र्यावरून जाणारी रेल्वे ग्रँट रोडला पोचली १८६४ मध्ये, विरारची लोकल १८६७ मध्ये. म्हणजे शाळा आधी, गाडी नंतर! तेव्हाचं वांद्रे म्हणजे भातशेती, कोळीवाडा आणि पाखाड्या, म्हणजे ख्रिस्ती वाड्या. मुंबई बेटावरून यायला माहीमचा कॉजवे, तोही अवाबाई जीजीभाईंनी पदरचे पैसे घातले म्हणून झालेला. लेडी जमशेटजी रोडवरून रोज जाणारे इथे किती आहेत? आणि या लेडी जमशेटजी म्हणजेच अवाबाई, हे किती जणांना ठाऊक होतं? बघा, हात खाली गेले.

आता माझ्या आवडीची गोष्ट. एका जुन्या चर्चच्या शाळेत मी आठवडाभर जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, वाचत बसलो होतो. खाकी कापडात बांधलेली ती जाडजूड बाडं दाखला हवा असला तरच कपाटाबाहेर येतात. क्लार्कबाईंनी विचारलं, "सर, दाखला कोणाचा काढायचाय?" मी म्हटलं, "गावाचा." आपण नाव आणि जन्मतारीख बघतो, मी 'जन्मस्थळ' हा एकच रकाना वाचत खाली गेलो. पहिल्या पानांवर वर एकदा गावाचं नाव आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे'च्या खुणा. सगळी मुलं तिथलीच, ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे कॅथलिक. मग मडगाव, मंगळूर दिसू लागतं. फाळणीनंतर कराची, पुन्हा कराची. आणि साठच्या दशकातल्या पानांवर मुलामागून मूल 'मुंबई', 'मुंबई'. गावाचं नाव रकान्यातून गेलं ते गेलंच. १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची गावं बृहन्मुंबईत आली, ती त्या शाईत दिसतात. मी ते पान बराच वेळ मिटलं नाही.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. मूळ मुद्दा भराभर सांगतो.

शाळा टिकल्या आणि वाढल्या, कारण जागा बऱ्याचदा चर्चची होती आणि शिकवणाऱ्या सिस्टर्स आवारातच राहायच्या. इमारतीखालोखाल मोठा खर्च पगाराचा, तो तिथे आटोक्यात राहिला. त्यात १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली झाली. 'शाळा आधी' याला माटुंग्याचं डॉन बॉस्को अपवाद: तिथे प्लेगनंतर शहर सुधारायला नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वस्ती आखली, शाळा मागून आली.

दुसरं कारण कोर्टाचं. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमात प्रवेश अँग्लो-इंडियन आणि बिगरआशियाई वंशाच्या मुलांनाच द्यायचा. देवळालीच्या बार्न्स शाळेची संस्था, ती कॅथलिक नव्हे, अँग्लिकन परंपरेतली, भांडायला उभी राहिली आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हुकूम रद्द ठरवला. त्यामुळे गुजराती, मराठी, सिंधी घरांतल्या मुलांना फादर-सिस्टरांच्या शाळांची दारंही उघडी राहिली. अनाथ आणि गावातल्या मुलांसाठी निघालेल्या शाळांपुढे शहरभरचे पालक रांगेत आले ते असे.

वसईतल्या मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळांना आज हातही लावता आला नाही, याची मला खरंच खंत आहे. त्यांना वेगळी संध्याकाळ द्या. आणि १९६० च्या आधी उपनगरात शिकलेल्यांपैकी कुणाकडे शाळा सोडल्याचा जुना दाखला असेल, तर चहाच्या वेळी गाठा. मला फक्त एक रकाना बघायचाय.