तब्येत काय म्हणते?

सकाळचे सहा, पर्वतीच्या पायऱ्या. सत्तरीतले दोन काका भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय, तब्येत काय म्हणते?" आणि उत्तरही ठरलेलंच, "मजेत!" गुडघ्याला पट्टा, खिशात बीपीची गोळी, तरी मजेत, कारण पुण्यात तक्रार करायची ती फक्त ट्रॅफिकची.

पण गंमत बघा, हाच प्रश्न रिसर्चवालेपण विचारतात. एकूणात तुमची तब्येत कशी आहे, छान, ठीकठाक, का वाईट? बास, ना रक्त काढायचं ना ईसीजी. १९८२ साली कॅनडातल्या मॅनिटोबामधला एक अभ्यास छापून आला, ३ हजारांवर म्हातारी माणसं, आणि ज्यांनी "वाईट" म्हटलं होतं त्यांना पुढच्या काही वर्षांत मरणाचा धोका "उत्तम" म्हणणाऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट निघाला, तोही वय, आजारांच्या नोंदी वगैरे सगळं हिशेबात धरून!

तिकडचं सोडा. आपल्या शिरूर तालुक्यातलं वढू घ्या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र तिथं आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन कोण जन्मलं, कोण गेलं याची नोंद ठेवतं. पन्नाशीपुढच्या ५ हजारांवर गावकऱ्यांना तब्येत विचारली होती, मग नोंदी तपासत राहिले, आणि २०१२ मध्ये छापलं की इथंही "वाईट" म्हणणाऱ्यांना धोका जास्तच.

असं का? रिपोर्टात शुगर दिसते हो, पण भाकरी एकावरून अर्ध्यावर आली, पँट ढिली झाली, दुपारी उगाच पडावंसं वाटतं, हे ज्याचं त्यालाच माहीत. डॉक्टरला आजचा आकडा दिसतो, आपण मनात गेल्या वर्षीशी ताडून बघतो.

आता "वाईट" म्हटलं म्हणून कुणी लगेच जात नाही, उगाच घाबरू नका. आणि अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये एक मस्त मुद्दा काढला होता, केरळात माणसं बिहारपेक्षा जास्त जगतात, पण आजारी असल्याचं सांगतातही तेच जास्त. दवाखाना जवळ, शिक्षण आहे, तर दुखणं हे दुखणं म्हणून कळतं, नाहीतर वय झालं की असंच असतं म्हणून सोडून देतात.

परत पर्वती. या वेळी आम्ही काकांना म्हटलं, मजेत सोडून सांगा. ते जरा थांबले, कठड्याला टेकले.

"मधे एकदा बसावं लागतं आता. मागच्या दिवाळीला नव्हतं लागत."