पाणी खाली, माणसं वर

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळ्यात घाटमाथ्यावरच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन खाली झऱ्यावर जातात आणि भरलेले हंडे डोक्यावर घेऊन चढण चढतात, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. उतरताना हंडा रिकामा, चढताना भरलेला. आज मी बोलणार आहे ती दरी अमेरिकेत आहे, अ‍ॅरिझोना राज्यात. पण तिथल्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रोजच्या जगण्याची गोष्ट चार शब्दांत मावते. पाणी खाली, माणसं वर.

ही दरी म्हणजे ग्रँड कॅन्यन. कोलोराडो नदीने कोरलेली, ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून जास्त खोल. दक्षिणेच्या कड्यावर उभं राहिलं तर नदी दिसते ती कुठेकुठे, दोऱ्याएवढी. आणि कड्यावर ना झरा, ना ओढा. पाऊस पडतो, बर्फही पडतं, पण ते पाणी चुनखडीच्या भेगांतून आत उतरतं. उतरत उतरत शेकडो मीटर खाली पाणी न झिरपणारा खडकाचा थर लागला, की तिथे झरा होऊन बाहेर पडतं. म्हणजे पाणी आहे, पण ते खाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या दरीचे मूळ रहिवासी हवासुपाई. नावाचा अर्थच निळ्या-हिरव्या पाण्याची माणसं. त्यांनी या अडचणीवर साधा तोडगा काढला होता. उन्हाळ्यात दरीत झऱ्याकाठी राहायचं आणि मका, घेवडा, भोपळा लावायचा. हिवाळ्यात वर पठारावर जाऊन शिकार करायची, कारण तेव्हा वर बर्फ असतं आणि बर्फ म्हणजेच पाणी. ऋतूप्रमाणे घर हलवायचं. आज ज्या वाटेला ब्राइट एंजल ट्रेल म्हणतात, ती मुळात त्यांची पायवाट. त्याच वाटेवर अर्ध्यात त्यांची शेती होती. गोऱ्यांनी त्या जागेला इंडियन गार्डन नाव दिलं आणि १९२८ मध्ये तिथल्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशाला बाहेर काढलं. २०२२ मध्ये त्या जागेचं नाव बदलून हवासुपाई गार्डन्स केलं. फार उशीर झाला, पण केलं ते योग्यच केलं. गावाचं नाव ज्याने तिथली माती कसली त्याच्याकडून घ्यावं, हे माझं ठाम मत आहे आणि ते आपल्याकडच्या वाड्यावस्त्यांनाही लागू आहे. असो.

१९०१ मध्ये कड्यापर्यंत रेल्वे आली. त्याआधी घोडागाडीने दिवसभर हाडं खिळखिळी करून घेत यावं लागे. रेल्वेचं तिकीट होतं ३ डॉलर ९५ सेंट. मग हॉटेलं आली, पाहुणे आले, आणि पाहुण्यांना अंघोळीला पाणी हवं. ते कुठून आणलं? १९० किलोमीटर लांबून, रेल्वेच्या टाक्यांमधून. रोजचं. खाली नदी वाहते आहे आणि वर पाणी रेल्वेने येतं आहे, असं ते गाव.

पाहुण्यांची करमणूक म्हणजे खेचराची सफर. सकाळी कड्यावरून निघायचं, खाली इंडियन गार्डनला झाडांच्या सावलीत थांबायचं, पुढे नदी दिसते त्या टोकापर्यंत जायचं आणि संध्याकाळपर्यंत परत. खेचरच का, घोडा का नाही? खेचराचा बाप गाढव आणि आई घोडी. पाय गाढवासारखा जपून टाकतं आणि ताकद घोडीची घेतं. घोडा बिथरला की पळतो, खेचर बिथरलं की थांबतं. कड्याच्या वाटेवर थांबणारं जनावर हवं. आपण खेचर हा शब्द माणसाला हिणवायला वापरतो ते मला मुळीच पटत नाही. स्वाराने उतरणीला मागे रेलायचं, चढणीला पुढे झुकायचं, एवढंच काम. आणि पायी चालणाऱ्याने खेचरांची रांग आली की डोंगराच्या बाजूला, म्हणजे आतल्या अंगाला, गप उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीही नाही. शेवटचं खेचर १५ मीटर पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. हा नियम तिथे आजही आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आजचा विषय घेतला, तिच्याकडे येतो. कोल्ब बंधूंची गोष्ट.

पेनसिल्व्हेनियातले दोन भाऊ, थोरला एल्सवर्थ, धाकटा एमरी. थोरला १९०१ मध्ये कॅन्यनला आला, धाकटा पुढच्या वर्षी. धाकट्याला फोटोग्राफीचं वेड. जवळच्या विल्यम्स गावात एक फोटो स्टुडिओ विकायला निघाला होता, तो त्यांनी ४२५ डॉलरला घेतला आणि सामान कड्यावर आणलं. ब्राइट एंजल वाटेवर तेव्हा राल्फ कॅमेरॉन नावाच्या माणसाचा ताबा होता. तो खाली जाणाऱ्यांकडून डोई १ डॉलर टोल घ्यायचा. त्याने या भावांना वाटेच्या तोंडाशीच जागा दिली. १९०४ मध्ये त्यांनी तिथे, अगदी कड्याला चिकटून, लाकडी स्टुडिओ बांधला.

धंदा सोपा होता. सकाळी खेचरांची रांग स्टुडिओखालच्या वळणावर आली की फोटो काढायचा. दुपारनंतर तीच माणसं थकून, धुळीने माखून वर आली की त्यांच्या हातात त्यांचा फोटो ठेवायचा. खेचरावर बसलेले आपण आणि मागे दरी! कोण घेणार नाही? पण गाठ एकच. फोटो त्याच दिवशी हवा. पाहुणे लगेचच्या गाडीने परत जाणार.

आणि फोटो धुवायला लागतं पाणी. स्वच्छ पाणी, वाहतं पाणी, भरपूर पाणी.

तुमच्यापैकी ज्यांनी जुन्या स्टुडिओत काम केलंय त्यांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. तेव्हा फिल्म नव्हे, काचेची प्लेट वापरत. काचेवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात चांदीचे क्षार. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याच्या उजेडात, ती प्लेट आधी डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवायची आणि ट्रे सारखा हलवत राहायचा. चारपाच मिनिटांत चित्र उमटतं. मग पाण्यातून काढून हायपोमध्ये, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात. प्लेटवरचा दुधी पांढरेपणा गेला की पुन्हा तेवढाच वेळ तिथेच ठेवायची. आणि मग वाहत्या पाण्याखाली निदान अर्धा तास. तो अर्धा तास चुकवला तर? हायपो जिलेटिनमध्ये अडकून राहतो, फोटो काही काळाने पिवळा पडतो, डाग धरतो आणि विरत जातो. पाणी गढूळ असलं तर? भिजलेलं जिलेटिन साबुदाण्यासारखं फुगलेलं असतं, रेतीचा कण त्यात रुतला की निघत नाही. प्रत्येक प्रिंटवर त्या जागी पांढरा ठिपका. पाणी कोमट असलं तर? सर्वांत वाईट. जिलेटिन मऊ पडून काचेच्या कडेने सुटायला लागतं, साडीच्या फॉलसारख्या चुण्या पडतात, आणि एका मिनिटात दुधावरच्या सायीसारखा सगळा थर सरकतो. त्यावर उपाय तुरटीच्या पाण्याचा, त्याने जिलेटिन कडक होतं. पण खरा उपाय थंड, स्वच्छ, वाहतं पाणी. आणि ते होतं खाली.

सुरुवातीला या भावांनी वर कड्याजवळच्या जुन्या खाणीच्या बोगद्यात, तोंडाला कांबळं लावून, डार्करूम केली होती. अंधार मिळाला. अंधार फुकट मिळतो, पाणी मिळत नाही. म्हणून त्यांनी खाली इंडियन गार्डनच्या झऱ्याशी डार्करूम बांधली.

आता हिशेब बघा. कड्यापासून इंडियन गार्डन ७.२ किलोमीटर. उतार ९३० मीटरच्या आसपास. आतकरवाडीकडून सिंहगड चढता ना, त्याच्या साधारण दीडपट. सकाळी एमरी वळणावर फोटो काढायचा, उघडलेल्या प्लेटा अंधाऱ्या डब्यात घालायचा, डबा पाठीला बांधायचा आणि पळत सुटायचा. खेचरांना मागे टाकून खाली. पाठीवर काच, तेव्हा पडून चालायचं नाही. खाली पोचला की प्लेटा धुवायच्या, वाळवायच्या, प्रिंट काढायचे, तेही पुन्हा डेव्हलपर, हायपो, पाणी. आणि मग प्रिंट पाठीवर टाकून ९३० मीटर चढून वर, पाहुण्यांची खेचरं वर पोचायच्या आत. चालत नव्हे, पळत. कधीकधी दिवसातून दोनदा.

आणि इथे एक गोष्ट आपल्या गडांच्या उलट आहे, ती नीट ऐका. गडावर आपण आधी चढतो, दमलो तर परत फिरतो आणि उतार सोपा जातो. दरीत आधी उतार, मग चढ. उतरताना कुणी दमत नाही. दमला हे कळतं तेव्हा सगळी चढण डोक्यावर उभी असते. शिवाय खाली जावं तसं ऊन वाढतं. तळाला उन्हाळ्यात कड्यापेक्षा दहाबारा अंशांनी जास्त, चाळिशीच्या वर. म्हणून आजही तिथे सांगतात, उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. एमरी हे उन्हाळ्यातही करत होता. वर्षानुवर्षं.

हे पळणं थांबलं १९३२ मध्ये. त्या वर्षी इंडियन गार्डनचं पाणी पंपाने, नळाने, वर कड्यावर चढवलं गेलं. नळ आला आणि धावपळ संपली.

मधल्या काळात या भावांनी आणखी एक मोठं काम केलं, ते मी थोडक्यात सांगतो. ८ सप्टेंबर १९११ ला दोन लाकडी होड्या घेऊन ते वायोमिंगमधून ग्रीन नदीत उतरले. पुढे कोलोराडो नदीतून सगळी दरी पार करून १८ जानेवारी १९१२ ला कॅलिफोर्नियातल्या नीडल्सला लागले. बरोबर चलच्चित्राचा कॅमेरा होता. एका होडीचं नाव एमरीच्या मुलीचं, एडिथ. तो चित्रपट एमरी स्वतःच्या स्टुडिओत दाखवत राहिला, १९७६ मध्ये, वयाच्या ९५व्या वर्षी, गेला तोपर्यंत. आजकाल फोनमध्ये हजारो फोटो असतात आणि भिंतीवर एकही नसतो. चार तरी कागदावर काढून घ्या, एवढं माझं ऐका.

नदी ओलांडायची सोय हा वेगळाच विषय. १९०७ मध्ये तिथे तारेवरून सरकणारा पिंजरा बसवला होता, त्यातून माणसं पलीकडे जात आणि खेचरही. पुढे १९२८ मध्ये झुलता पूल झाला. त्याचे एकेका टनाच्या आसपास वजनाचे जाड वायरदोर गाडीवर लादता येईनात, कारण वाट वळणावळणाची. मग ४२ हवासुपाई गडी रांगेत उभे राहिले आणि अख्खा दोर खांद्यांवर घेऊन, सापासारखे वळणं घेत, खाली तळापर्यंत उतरले. आणि त्यांची जमीन त्याच वर्षी काढून घेतली जात होती.

आता पाण्याचं काय? १९७० पासून दक्षिण कड्याला पाणी येतं ते समोरच्या उत्तर बाजूच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, सुमारे २० किलोमीटर. झरा उंचावर आहे, म्हणून पाणी स्वतःच्या उताराने दरीत उतरतं, नदी ओलांडतं आणि हवासुपाई गार्डन्सपर्यंत, म्हणजे जुन्या इंडियन गार्डनपर्यंत, येतं. तिथून पुढे पंप. जुन्या पाइपवर दरडी कोसळतात, ओढ्याच्या पुराने तो उखडतो, सांधे फुटतात. २०१० पासून ८५ हून जास्त वेळा तो मोठा फुटला. २०२४ च्या ऑगस्टअखेर तर कड्यावरच्या हॉटेलांतला मुक्काम काही दिवस बंद ठेवावा लागला. आता नवा पाइप टाकण्याचं काम चालू आहे. पंप पुन्हा हवासुपाई गार्डन्सच्या झऱ्याशी, एमरीच्या डार्करूमच्या जागेजवळ.

नमस्कार.