टण्, टण्, टण्

ऐरोलीतलं एक पाळणाघर. वेळ सकाळी साडेदहाची. ठाणे-वाशी लोकलची गर्दी कधीच ओसरलीय, आई-बाबा आपापल्या ऑफिसात पोचलेत. इथली मुलं दीड ते अडीच वर्षांची. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी तमिळ, तर कुणाच्या घरी भोजपुरी.

लाल फ्रॉकवालीकडे बघा. तिनं स्टीलची वाटी पालथी घातली आणि वर चमचा आपटला. टण्! समोरचा मुलगा आधी तिच्या हाताकडे बघतो, मग तोंडाकडे. आपली वाटी पालथी घालतो. टण्! ती थांबली की तोही थांबतो. आता तिनं वाटी डोक्यावर ठेवलीय आणि त्याच्यावर डोळे रोखलेत. तुझी पाळी.

(माहितीपटात इथे निवेदन नको. मुलांचाच आवाज राहू द्यावा.)

ही त्यांची बातचीत आहे. फ्रान्समधल्या मानसशास्त्रज्ञ जॅकलिन नाडेल यांनी या वयाच्या मुलांसमोर प्रत्येक वस्तूचे दोन-दोन नग ठेवून त्यांचा खेळ टिपला. एकानं जे उचललं, तेच दुसराही उचलायचा. एक करून दाखवायचा, दुसरा तसंच करायचा, मग पाळी बदलायची. पुढे शब्द आले, वाक्यं जुळायला लागली, तशी ही नक्कल मागे पडली. म्हणजे ऐकायचं कधी आणि उत्तर कधी द्यायचं, हे मुलं जुजबी शब्दांवरच शिकून घेतात. आणि तेही एकमेकांकडून! इथल्या ताईंनी हे अनुभवानं ओळखलंय. त्यांच्या टोपलीत सगळं जोडीनं असतं.

हे दोघं ठोकळेवाले. शेजारी बसलेत, पण खेळ ज्याचा त्याचा. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली याला समांतर खेळ म्हटलं. 'आमचा कुणात मिसळतच नाही,' असं पालक काळजीनं सांगतात. याचा मनोरा पडला बघा, आणि त्याची मान वळली. लक्ष आहे त्याचं.

आता ट्रकवरून ओढाताण. ताई उठून जवळ येतात, खाली बसतात, बोलत काहीच नाहीत. दोघांतला एक मुलगा टोपलीतला दुसरा ट्रक काढून पुढे करतो. आपण एव्हाना 'शेअर कर, शहाणा ना तू?' म्हणून मोकळे झालो असतो.

२०१७ च्या कायदादुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असतील, तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ती करताना खेळणी जोडीनं घ्या, आणि मुलांजवळ अशी बसून राहणारी ताई नेमा, चांगल्या पगारावर.