'जाऊ मी सिनेमात?' आणि त्याची लेखिका

अध्यक्ष महाराज आणि जमलेली मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'लेखिका शांता आपटे'. मघाशी दारातच एकांनी विचारलं, "छापताना 'अभिनेत्री' राहून गेलं का हो?" राहिलं नाही, मीच काढायला लावलं. त्यामागे एका ग्रंथालयातला प्रसंग आहे. तो आधी सांगते, पाच मिनिटांत संपवते.

ग्रंथालय जुनं, नामांकित. नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "'जाऊ मी सिनेमात?' आहे का?" त्यानं वर पाहिलं, माझे पांढरे केस पाहिले आणि अगदी मायेनं म्हणाला, "आजी, घरी विचारलंत का?" (हशा) हसा, मीही हसले. म्हटलं, अरे, पुस्तकाचं नाव आहे ते, 1940 सालचं. लेखिका शांता आपटे. "नटी ना? मग आत्मचरित्रात असेल." तिथं नव्हतं. मग चित्रपटाचं कपाट. तिथं गाण्यांच्या चोपड्या होत्या, हे नव्हतं. शेवटी आतून एक वयस्क गृहस्थ आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "त्यांना लिहून कुणी दिलं होतं?" म्हणजे पुस्तक अजून सापडायचंय, पण बाईंनी ते लिहिलेलं नाही, हा शोध मात्र लागला!

तो दिवस आणि आजचा दिवस, मला ते वाक्य झोंबतंय. पुढे एका स्नेह्यांकडे झेरॉक्स वाचायला मिळाली. ती परत केली का, हे इथं विचारू नका, ते दुसऱ्या रांगेतच बसलेत.

आता शांताबाई कोण, हे या सभागृहात सांगायला नको. 'अमृतमंथन', 'अमर ज्योती', 'गोपालकृष्ण' आणि 1937 चा 'कुंकू'. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. त्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक आहे, भांड्यांचे आवाज आहेत. आमच्या घरी तो कितव्यांदा लागला हे मोजणं सोडून दिलंय. केशवराव दाते काका­साहेब म्हणून आरशासमोर उभे राहिले, की आमचे हे उठून चहा टाकायला जातात. असो. तर पडद्यावर नाही म्हणणाऱ्या या बाईंनी 1939 साली खऱ्या आयुष्यातही नाही म्हटलं. 'प्रभात' फिल्म कंपनीशी करार आणि पगारावरून बिनसलं, तर त्या थेट पुण्यातल्या स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन उपोषणाला बसल्या! ज्या कंपनीनं नाव दिलं तिच्याच दारात. आज तिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथून जाताना मी रिक्षावाल्याला दरवेळी ही गोष्ट सांगते. एकानं विचारलं, "मग पगार मिळाला का?" त्याला मुद्दा कळला होता.

चिठ्ठी आली. सहा मिनिटं. बरं, मग भराभर.

पहिली गोष्ट, हे आत्मचरित्र नाही. म्हणून ते त्या कपाटात नव्हतं आणि नसावंही. सिनेमात जाऊ का, असं विचारणाऱ्या मुलींना ते उत्तर आहे. पण उत्तर देताना बाई स्वतःच्या आठवणींत रमत नाहीत. धंदा उलगडून दाखवतात. पैसा कोण घालतं, राबतं कोण, थकतं कोण आणि नफा कुणाच्या खिशात जातो. झगमगाटाखालची नटी ही कामगार आहे, असं त्या मानतात. फाटकाशी जे अंगानं केलं, तेच वर्षभरात कागदावर केलं.

दुसरी गोष्ट काळाची. अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' पुस्तकरूपानं आलं 1970 मध्ये. हंसाबाईंनी सांगितलं, शब्दांकन अरुण साधूंचं, सारं उघड. लीला चिटणीसांचं 'चंदेरी दुनियेत' 1981 चं, 'मी, दुर्गा खोटे' त्याच्या पुढच्या वर्षीचं. तिन्ही मला प्रिय आहेत, पण तिन्ही मागे वळून लिहिलेली. बाजार उठल्यावर भाव सांगायला जोखीम कमी असते. शांताबाईंनी लिहिलं तेव्हा बाजार भरलेला होता आणि त्यांना त्यातच उभं राहायचं होतं. 1941 मध्ये त्या तमिळ 'सावित्री'त दिसल्या, 1942 मध्ये 'जमीनदार'मध्ये. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांच्याचकडे काम मागायचं होतं. हे धाडस आपल्या वाङ्मयेतिहासात कुठं नोंदवलंय?

तिसरा मुद्दा त्या शीर्षकातल्या प्रश्नचिन्हाचा. तो सर्वांत महत्त्वाचा, त्यावर माझी चार पानं आहेत…

हो, ऐकली घंटा. चार पानं राहू द्या. आभार मानणाऱ्यांना एकच विनंती, 'बाईंनी जुन्या सिनेमाच्या आठवणी जागवल्या' असं तेवढं म्हणू नका.