दुधात काय, आणि केव्हा

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात, कोजागिरीच्या आधी भरलेल्या महिला बचत गटांच्या मेळाव्यातलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती काढून संपादित.)

नमस्कार मंडळी. सामुदायिक प्रार्थना आटोपली, सगळे खाली सतरंजीवर नीट बसले, आणि मला विषय दिलाय मसाला दुधाचा. विषय सांगितला तेव्हा मागून आवाज आला, "यात शिकाचं काय आहे बाई? दूध तापवाचं अन् पुडी टाकाची!" ऐकलं मी. पुडीच टाकायची असेल तर माझं भाषण इथेच संपलं. फक्त ती पुडी उलटी करून मागचं वाचा. घटक उतरत्या वजनाने छापावे लागतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त त्याचं नाव सगळ्यात आधी. पहिलं नाव साखरेचं निघालं, तर बदामाच्या भावात साखर घेतली असं समजायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मसाला दूध चुकतं ते काजू-पिस्ते कमी पडले म्हणून नाही. कोणती वस्तू कधी घालायची हे चुकलं की दूध चुकतं. मेवा महाग, क्रम फुकट. तरी आपण मेव्याचीच चिंता करतो.

आधी दूध बघू. आपल्याकडे दुधाची सुबत्ता पश्चिम महाराष्ट्रासारखी नाही. आर्वी, कारंजा, आष्टीकडची आपली गवळाऊ गाय नावाजली ती तिच्या बैलांसाठी, दूध बेताचंच. तिकडे पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याकडे, भुरकट पूर्णाथडी म्हैस आहे, तिचं दूध दाट. ज्यांच्या दारात कोणतीही म्हैस बांधलेली आहे त्यांनी दुसरीकडे बघू नये. पाकीट घेणार असाल तर फुल क्रीम घ्या. त्यात स्निग्धांश किमान ६ टक्के असतो. टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. डबल टोन्ड कितीही आटवा, जिभेला पाणचटच लागतं. शिवाय विलायची-जायफळाचा वास म्हणजे तेल असतं आणि ते स्निग्धांशात मुरतं. साय काढून घेतलेल्या दुधात वास नाकाला लागतो आणि उडून जातो, घोटाबरोबर टिकत नाही.

आता गंज, म्हणजे दूध तापवायचं पातेलं. जाड बुडाचा आणि पसरट हवा. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पातळ गंज असेल तर दूध लागणारच, मग दुधाला दोष देऊ नका. दूध ओतायच्या आधी गंज पाण्याने विसळा आणि तळाला थोडं पाणी राहू द्या. दुधातली प्रथिनं गरम बुडाला चिकटून करपतात, ते या पाण्याने थोडं लांबतं. टळत नाही. पाणी कितीही उकळलं तरी बाहेर येत नाही, आणि दूध मात्र पाठ फिरवली की उतू जातं. कारण वर सायीचा पापुद्रा धरतो, खालची वाफ त्याखाली कोंडते आणि सगळं घेऊन वर येते. म्हणून सराटा, म्हणजे उलथनं, फिरता ठेवायचा. तो गंजावर आडवा ठेवला तर वर आलेला फेस फुटतो खरा, पण तेवढ्या भरवशावर शेजारी गप्पा मारायला जाऊ नये.

एक लिटर दूध मध्यम आचेवर पाऊण लिटरच्या थोडं वर राहीपर्यंत आटवायचं. २०-२५ मिनिटं पुरतात. आपल्याला बासुंदी करायची नाही, प्यायचं दूध करायचंय. मध्येच जळका वास आला तर हात थांबवा. बूड अजिबात खरवडू नका, वरचं दूध अलगद दुसऱ्या गंजात ओतून घ्या. खरवड पोरं खातात, तिची काळजी नको.

साखर दूध आटल्यावर घालायची, लिटरला चार मोठे चमचे. आधी घातली तर तळाशी बसून लवकर करपते. गूळ आवडत असेल तर गॅस बंद करून, दूध कोमट झाल्यावर. गुळात आंबटपणा असतो, आणि उकळत्या दुधाला तेवढा पुरतो फाटायला. तरीही एखादा गूळ दगा देतोच. म्हणून आधी वाटीत दोन चमचे दूध घेऊन त्यात खडा विरघळवून बघा. वाटी गेली तर गेली, गंज वाचला.

तसंच अद्रकाचं. कच्चं अद्रक किसून कोमट दुधात टाकलं की दूध दह्यासारखं धरतं. त्यात प्रथिनं तोडणारं एक पाचक द्रव्य असतं. ते उकळीने मरतं, म्हणून अद्रक आधी पाण्यात चांगलं उकळा आणि ते पाणी दुधात घाला. सुंठ वापरली तर एवढी यातायात नाही.

आता मसाला. इथे मी शेगडीवर गंज ठेवलाच आहे, पुढच्या बायांना दिसतोय. खलबत्त्यात विलायची कुटायची तर चमचाभर साखर सोबत घ्या, दाणा निसटत नाही आणि पूड बारीक होते. लिटरला पाच-सहा विलायच्या. पण त्या शेवटी, गंज उतरवल्यावर घालायच्या आणि लगेच झाकण ठेवायचं. बऱ्याच घरी विलायची पहिल्या उकळीलाच पडते. मग सगळं घर घमघमतं आणि दुधात काही उरत नाही. वास घरभर सुटला म्हणजे तो दुधातून गेला, हे लक्षात ठेवा.

केशराचं उलट आहे. त्याचा रंग पाण्यात सुटतो आणि सुटायला वेळ घेतो. दहा-बारा काड्या दोन चमचे कोमट दुधात चुरडून पंधरा मिनिटं ठेवा, मग सगळं गंजात. केशर नसेल तर नसू द्या. चिमूटभर हळदीने रंग आणून केशराचा आव आणू नये, घोटाला लगेच कळतं. रंगाची पुडी तर नकोच.

जायफळ किसणीवर चार-पाच वेळा घासायचं, बस. त्याने झोप येते म्हणून पोरांच्या दुधात जास्त घालणारे लोक आहेत. तसं करू नका. जायफळ जास्त झालं की गुंगी, मळमळ, धडधड होते. ते वासापुरतंच ठेवायचं.

आता मेवा. बदाम रात्रभर भिजवून, सोलून, चमचाभर खसखशीबरोबर पाट्यावर वाटा. ही वाटण दूध आटत असतानाच घालायची, म्हणजे तिचा कच्चेपणा जातो आणि दाटपणा येतो. मक्याचं पीठ लावून दूध दाट करायची काही गरज नाही.

चारोळीविषयी थोडं जास्त बोलते, कारण ती आपली आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात, मेळघाटात, उन्हाळ्यात चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळं पिकतात. ती वेचायची, वरचा गर काढायचा, कवच जात्यावर फोडायचं, तेव्हा कुठे मसुरीएवढा दाणा हाती येतो. या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. एप्रिल-मेचा दाणा कोजागिरीला आपल्या हातात येतो म्हणजे पाच-सहा महिने उलटलेले असतात, आणि तेवढ्यात ते तेल खवट होऊ शकतं. म्हणून दुकानात पोत्यावरूनच दोन दाणे उचला आणि दाढेखाली फोडा. खवट असेल तर जिभेच्या मागे कडसर लागतं. दुकानदार काही म्हणत नाही, तोही तसंच करतो. चांगली निघाली तर कोरड्या तव्यावर किंचित भाजून, न वाटता, अख्खीच दुधात सोडा.

गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला दाणा, तीही आपलीच. बिब्ब्याच्या टरफलातलं तेल अंगावर फोड आणतं, ती फोडणाऱ्या बायांचे हात बघितले असतील तुम्ही. गोडंबी घ्यायची तर टरफलाचा कण नसलेली, स्वच्छ. आणि एक ध्यानात ठेवा: बिब्बा, काजू, चारोळी, पिस्ता, आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं. एकाने ज्याला पुरळ उठतं, त्याच्या पेल्यात दुसरं घालताना विचारून घाला.

हळदीच्या दुधाबद्दल विचारणार हे माहीत होतं मला. हळद विकत आणायची तर लांब जायला नको. आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिच्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, जास्त म्हणूनच तिचं नाव आहे. जमलं तर हळकुंडं आणून दळून घ्या. सुट्या पुडीत रंग मिसळलेला डोळ्याला कळत नाही.

करायचं असं. पेलाभर दुधाला पाव ते अर्धा चमचा हळद. ती वरून भुरभुरवायची नाही. अर्धा चमचा तूप गरम करा, त्यात हळद टाका, दहा मोजेपर्यंत परता, मग दूध ओता. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तुपात विरघळतं. दोन मिरे ठेचून टाका, चार-पाच मिनिटं उकळू द्या. पिताना पेला हलवत राहा, हळद तळाला बसतेच.

मिऱ्याने हळद अंगी लागते म्हणतात, ते खरं आहे. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पिपेरिन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा रक्तात पोहोचणारं कर्क्युमिन जवळपास २० पटींनी वाढलं. मोबाइलवर फिरतं ते इथपर्यंतच. पुढचा हिशोब कुणी करत नाही. अर्धा चमचा हळद दीड ग्रॅमची. तिच्यात ५ टक्के कर्क्युमिन धरलं, तर ७५ मिलिग्रॅम. म्हणजे त्या अभ्यासातली मात्रा गाठायला पंचवीसहून जास्त पेले लागतील. घसा धरला असेल तर प्या, गरम दुधाने बरं वाटतं. गुडघे, रक्तातली साखर, आणखी काही बरं होईल म्हणून गोळ्या बंद करू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर रोज हळदीचं दूध घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हळदीच्या दुधाचं अमेरिकेत पेटंट घेतलं होतं म्हणतात, त्याचं. पेटंट दुधाचं नव्हतं, जखमेवर लावायच्या हळदीचं होतं. १९९५ मध्ये दिलं गेलं, आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) लढून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. आपल्या आजीला ते ठाऊक होतं हे कागदोपत्री सिद्ध करावं लागलं, एवढंच.

आता कोजागिरीच्या मोठ्या गंजाचं बोलू, कारण तिथे दरवर्षी गडबड होते. माणशी १५० मिलिलिटर धरा. शंभर माणसांना १५ लिटर तयार दूध, म्हणजे कच्चं १९-२० लिटर. साखर सव्वा किलो, विलायची २५-३० ग्रॅम, जायफळ सगळ्या कढईला मिळून एक. साखर घालायच्या आधी मधुमेहवाल्यांसाठी एक गंज वेगळा काढा आणि त्याच्यापाशी कुणाला तरी बसवा. नाहीतर पोरं त्यातच साखर ओततात. वर्षाच्या आतल्या बाळांना हे दूध नको.

चुलीवर एवढं दूध आटायला तास-दीड तास लागतो, म्हणजे भुलाबाईची गाणी सुरू झाली की कढई चढवायची. गाणी संपून खिरापत वाटेपर्यंत दूध उतरेल. चांदण्यात ठेवायचं तर पातळ स्वच्छ फडकं बांधून ठेवा. शरदाच्या रात्री किडे-पाखरं फार. पण दोन तासांच्या वर कोमट ठेवू नका. उरलं तर पुन्हा उकळून घरोघरी वाटून टाका, सकाळी चहाला होईल.

प्रश्न असतील ते आता विचारा. आणि पुढच्या ताई, तो गंज तेवढा खाली घ्या, मला विलायची टाकायची आहे.