हरभरा चार बोटं वर आला की

(पहाट. शेताच्या बांधाला बांधलेल्या जुन्या साड्या वाऱ्यावर हलतायत.)

हरभरा चार बोटं वर आला, की अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या शिवारात जागल सुरू होते. बॅटरी, गोफण, फटाके, कुणाकडे कुंपणात विजेचा झटका सोडणारं झटका मशीन. माणूस माळ्यावर बसतो आणि हरणांचा कळप दुसऱ्याच बाजूनं रानात शिरतो.

हरभऱ्याचे शेंडे आपणही खुडतो, फांद्या फुटाव्यात म्हणून. पण हरणं रोज येतात. आज फुटलेलं उद्या खातात. मग झाडाला फुटायला काही उरतच नाही.

(माळरान. काळाभोर नर, पिळाची शिंगं.)

हा काळवीट. त्याच्यासाठीच 1980 साली रेहेकुरी अभयारण्य झालं. क्षेत्र 2.17 चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे एकरसुद्धा नाही. आजूबाजूचे माळ नांगराखाली गेले, तालुक्यात कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं. वाळल्या गवताशेजारी हिरवं पीक उभं राहिलं, तर हरीण तिकडेच जाणार. त्याच्यावर वचक ठेवणारा लांडगा आता क्वचितच दिसतो.

मारायचा तर प्रश्नच नाही. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मधला प्राणी. शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद. आणि इथल्या बहुतेकांना तो मरायलाही नकोय. त्यांना पीक घरात यायला हवंय.

(हेलिकॉप्टरचा आवाज.)

मध्य प्रदेशात शाजापूर भागात 2025 मध्ये दुसरी वाट धरली. काळवीट फार भित्रं. धरपकडीच्या धसक्यानंच दगावतं. म्हणून आफ्रिकेतली 'बोमा' पद्धत वापरली: नरसाळ्यासारखं रुंद तोंडाचं, पुढं निमुळतं होणारं आडोशाचं कुंपण. हेलिकॉप्टरनं कळप हळूहळू आत वळवला, तिथून गाडीत, गाडीतून जंगलात. आठशेहून अधिक काळवीट असे हलवले. काम देखणं झालं. पण नेऊन सोडायला मोकळं गवताळ रान लागतं, आणि आपल्याकडे ते पडीक म्हणून वाटून टाकलं जातं. मला खरी चूक तिथं दिसते.

(पंचनाम्याचा कागद.)

भरपाईच्या कागदावर लिहिलेलं असतं: हरिण, सारंग व कुरंग. सारंगाची शिंगं गळतात, पुन्हा येतात, जसं चितळ, सांबर. कुरंगाची जन्मभर राहतात, जसं काळवीट. शेतकऱ्याच्या तोंडी दोन्ही हरणंच. अर्ज होतो, पंचनामा होतो. पण कोंबातच खाल्लेल्या पिकाचं नुकसान कसं धरायचं? बियाणं गेलं, पेरणीची मजुरी गेली, आणि दुबार पेरायचं तर जमिनीतली ओल उडालेली. कोरडवाहू रब्बीत ओल गेली म्हणजे हंगाम गेला. भरपाईच्या हिशेबात ही ओल धरायलाच हवी.

(उजाडतं. कळप उड्या घेत माळाकडं परततो.)

माळ्यावरून उतरलेला शेतकरी सरीत वाकून बघतो. कडेच्या सहा ओळी गेल्यात. मधल्या अजून शाबूत आहेत. तो साडीची सुटलेली गाठ पुन्हा आवळतो.